सहा वीस ते पावणेसात

संध्याकाळी सहा वीसला मास्तर स्टोअरच्या काउंटरसमोर येऊन उभे राहत. हात धुतलेले असत, पण नखांच्या कडेला दिवसाचा शेवटचा रंग उरलेला असे, कधी जांभळा, कधी शेवाळी. शर्ट मात्र पांढरा. रंगाच्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस रोज पांढराच शर्ट घालून येतो आणि तो पांढराच घरी नेतो, याचं नव्या लोकांना नवल वाटे. काउंटरच्या फळीवर दोन्ही तळवे टेकवून ते म्हणत, ‘ताई, काम सांगा.’

मी यादी पुढे सरकवत असे.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्या प्रोसेस हाउसमध्ये मी नऊ वर्षं स्टोअर सांभाळलं. आमच्याकडे कोरं कापड येई आणि रंगून जाई. रंगाचे डबे, रसायनांचे ड्रम, पट्टे, बेअरिंगं, हातमोजे, जे लागेल ते माझ्या खिडकीतून जायचं. मास्तर म्हणजे रंग जुळवणारे मास्तर. व्यापारी हातभर चिंधी आणून टाके आणि म्हणे, असाच रंग हवा. मास्तर ती चिंधी उत्तरेच्या खिडकीत धरत, मग ट्यूबलाइटखाली, मग साध्या बल्बखाली, आणि तिन्ही उजेडांत जुळल्याशिवाय सही करत नसत. एकदा शेठ चिडून म्हणाले, ‘मास्तर, गिराक के पास टाइम कहाँ है? बराबर तो दिखता है.’ मास्तर म्हणाले, ‘शेठ, बाई दुकानात साडी घेते ट्यूबलाइटमध्ये आणि नेसते उन्हात. उन्हात ती शिव्या तुम्हाला देईल, मला नाही.’

माणसांनाही ते रंगांनीच ओळखत. शेठ म्हणजे केशरी, लवकर चढतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. वॉचमन मातकट. मी एकदा विचारलं, ‘आणि मी?’ ते क्षणभर माझ्याकडे चिंधीकडे पाहावं तसं पाहत राहिले. ‘नेव्ही ब्लू,’ म्हणाले. ‘पक्का. पण दुसऱ्या कशात मिसळत नाही.’ मला ती स्तुती वाटली होती.

पहिल्यांदा ते आले तो दिवस मला आठवतो, कारण मी निघायच्या तयारीत होते. त्र्याण्णवचा मे महिना होता. सहाचा भोंगा झाला होता. ते म्हणाले, ‘पंचवीस मिनिटांचं काम आहे का काही?’

‘ओव्हरटाइम लिहिता येणार नाही, मास्तर.’

‘लिहू नका. पण मोजायचं काम द्या. झाडलोट नको. मोजताना डोकं दुसरीकडे जात नाही.’

स्टोअरमध्ये मोजायचं काम कधीच संपत नाही. मी चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. हातमोजे मोजा, जोड्या लावा. लाल झाकणाचे डबे वेगळे करा. असं काहीतरी. त्यांनी पावणेसातपर्यंत सगळं केलं, चिठ्ठीवर सही केली, खाली वेळ घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. मला वाटलं, घरी जायला माणूस टाळतोय. त्यात मी फारशी चुकले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून सांगितलं. मध्ये कुठलीही प्रस्तावना नाही. डबे रचता रचता म्हणाले, ‘ताई, मला सहा वीसला तलफ येते. पावणेसातला जाते. तेवढा वेळ मी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर पाहिजे.’

मास्तर पितात हे मिलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सकाळी पिपेटमध्ये रंग खेचून खुणेवर थांबवायचा असतो, तेव्हा त्यांचा हात थरथरे. त्यांच्या हाताखालचा माणूस तेवढ्यापुरता पुढे येई आणि कुणी काही बोलत नसे. बायको मुलीला घेऊन अमळनेरला भावाकडे गेली होती, तेही सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की ते गेले दीड वर्ष सोडायची धडपड करत होते.

सगळे उपाय करून झाले होते. एका भगताने काळी पूड दिली होती, ती त्यांनी लॅबमध्ये आणून बीकरमध्ये तपासली. ‘काजळी आणि मीठ,’ म्हणाले. देवीसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली, ती आठ दिवस टिकली, आणि मोडल्यावर दारूच्या जोडीला देवीची भीतीही मानगुटीवर बसली. डॉक्टरने एक गोळी दिली, ती घेऊन वर दारू घेतली तर उलटीने जीव जातो की काय असं वाटतं. त्यांनी प्रामाणिकपणे गोळी घेणं सोडलं. हे ते हसत सांगत.

शेवटी फोल्डिंग खात्यातला त्यांचा एक मित्र त्यांना बारा पायऱ्यांच्या सभेत घेऊन गेला. त्या मित्राची दारू तिथेच सुटली होती. एका शाळेच्या वर्गात लोक गोल करून बसत, एकेकजण उठून नाव सांगे, मी दारुडा आहे असं म्हणे आणि आपली कहाणी सांगे. मास्तर पाच वेळा गेले.

‘मग का सोडलं?’ मी विचारलं.

‘सभा वाईट नाही, ताई. माणसं चांगली आहेत. चहा देतात, खांद्यावर हात ठेवतात. पण पहिल्याच पायरीला म्हणायचं, माझ्या हातात काही नाही. आता मी रंगवाला माणूस. सगळं आयुष्य माझ्या हातात काय आहे तेच मोजत आलो. तापमान किती, वेळ किती, रंग किती. आणि रोज उठून मी दारुडा, मी दारुडा म्हणायचं. कापड रोज त्याच रंगात बुडवलं तर ते दुसरं काय होणार?’

‘पण तुमच्या मित्राला लागू पडलं.’

‘पडलं ना. त्याचं सूत वेगळं, माझं वेगळं. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरला चढत नाही, यात दोघांचीही चूक नसते.’ मग डबा पुसत म्हणाले, ‘शिवाय मी तळमजल्यावर राहणारा माणूस. बारा पायऱ्या चढून जाऊ कुठे?’

दारूबंदीच्या राज्यात दारू सोडणं जास्त अवघड, असं त्यांचं म्हणणं होतं. कागदावर जिथे दारूच नाही, तिथे दारुडाही नाही. मग मदत कोणाकडे मागायची? दवाखान्यात खरं सांगायचं तर डॉक्टर आधी दार लावून घेई. पण पांडेसऱ्याहून नवागामला त्यांच्या घरी जाताना खाडीच्या कडेला पोटलीवाला, पिशवीतली गावठी विकणारा, बसे. तो कोणाला दिसत नसे आणि सगळ्यांना सापडे.

म्हणून त्यांनी आपली पद्धत बनवली. बिघडलेला लॉट समोर आला की ते जसं करत, तसंच. डाग कुठून येतो ते आधी शोधायचं. महिनाभर त्यांनी वहीत लिहिलं, तलफ कधी येते, कुठे येते, पोटात काय असतं, समोर कोण असतं. त्यातून निघालं ते असं. वेळ सहा वीस, पोट रिकामं, रस्ता खाडीचा, सोबत कोणी नाही. मग त्यांनी एकेक गोष्ट बदलली. सहाला मूठभर चणे आणि गुळाचा खडा. खाडीचा रस्ता बंद, उधन्याकडून लांबचा फेरा. घरातले काचेचे ग्लास त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकले आणि चहासुद्धा ते वाटीतून पीत. ‘आयुष्यात कधीही पिणार नाही’ असं ते चुकूनही म्हणत नसत. ते म्हणत, तलफ म्हणजे रंगाचा बाथ, कापड बुडवायचा गरम हौद. तापमान चढतं, थोडा वेळ टिकतं, मग उतरतं. कोणी काही केलं नाही तरी उतरतं. फक्त चढत असताना झाकण उघडायचं नाही.

आणि तेवढा वेळ यादी. यादीत असेल ते करायचंच, मधलं कलम गाळायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मला तो मनापासून पटला. माझ्याही घरी किराण्याची यादी, औषधांची यादी, मुलांच्या वह्यांची यादी असते, आणि गाळलेलं कलम मला रात्रभर टोचतं.

रविवारी मिल बंद. पहिल्या रविवारी त्यांनी काय केलं मला माहीत नाही. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा वीसला आमच्या उधन्याच्या घराची कडी वाजली. दारात पांढरा शर्ट. ‘ताई, काम सांगा.’ मी त्यांना परातीत तांदूळ दिले निवडायला. पुढे तो नेमच झाला. तांदूळ, मोहरी, जुनी वर्तमानपत्रं, मुलांच्या कॅरमच्या सोंगट्या. माझे पती बँकेत होते. ते म्हणत, ‘मास्तर, आमच्याकडे एवढं तरी काम उरू द्या की सोमवारी हिच्या तोंडून काही ऐकायला मिळेल.’ मास्तर हसत, पण बोटं थांबत नसत. पावणेसातला उठत. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणत, ‘नको, वेळ झाली.’ कसली वेळ झाली ते कधी सांगितलं नाही. मी एकदा मुलाला त्यांच्याकडे दिवाळीचा डबा घेऊन पाठवणार होते, पण पत्ता नीट कळेना म्हणून स्वतःच गेले. नवागामच्या चाळीत तळमजल्यावर एक खोली. चारी भिंती चुन्याने पांढऱ्या. एक ताट, एक वाटी, एक खाट. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. दिवसभर रंग पाहणाऱ्याला घरी रंग नको असतो, असं ते म्हणाले. मला ते तेव्हा पटलं. खिळ्याला मात्र लहान मुलीची एक रिबीन अडकवलेली होती, लाल, उन्हाने फिकी झालेली.

असं दीड वर्ष गेलं. हात थांबला होता. सकाळी पिपेट पहिल्या खेपेत खुणेवर उभी राहायची.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत लोक मिळेल त्या गाडीला लटकून निघाले. आमच्या मिलमधले कामगार तोंडाला रुमाल बांधून पगाराच्या खिडकीशी न थांबता थेट स्टेशनकडे गेले. शेठ सौराष्ट्रात आपल्या गावी निघाले. माझे दीर जळगावला होते, आम्ही भुसावळच्या गाडीने तिकडे जायचं ठरवलं. मी स्टोअर बंद करत असताना मास्तर आले. सहा वीस झाले होते.

‘तुम्ही जात नाही?’ मी विचारलं.

‘कुठे जाऊ? अमळनेरला दार कोण उघडेल? इथून गेलेल्या माणसाला आत्ता सख्खा भाऊ घरात घेत नाही, ताई. मी तर दारुडा पाहुणा.’

शेठनी चाव्या त्यांच्याकडेच ठेवल्या होत्या, कारण वॉचमनही पळाला होता. मास्तर म्हणाले, ‘यादी द्या. रोजची.’

बाहेर पती रिक्षा थांबवून हाका मारत होते. मी रोजच्या रजिस्टरवरून भराभर चौदा कलमं उतरवली आणि कागद त्यांच्या हातात दिला. गाडी व्यारा सोडून पुढे गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. नववं कलम होतं, ‘स्पिरिटच्या टाकीची पातळी घेणे.’ आमच्याकडे साफसफाईला आणि लॅबला स्पिरिट लागे. त्याचं लायसन होतं, दारूबंदी खात्याचं रजिस्टर होतं, आणि पातळी रोज लिहावी लागे. ते काम नेहमी मी करत असे. मास्तरांना त्या खोलीत मी कधी पाठवलं नव्हतं. आता मी त्यांच्या हातात चावीसकट ते कलम देऊन आले होते, रिकाम्या मिलमध्ये, रिकाम्या शहरात, आणि ते कलम गाळणार नव्हते. पतींना सांगितलं. ते म्हणाले, ‘ते विष असतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’ ते खरं होतं. पण अशी वेळ आली की लोक तेही पितात, हे मलाही माहीत होतं. फोन करण्यासारखं तिकडे कोणी नव्हतं.

अकरा दिवसांनी मिल उघडली. रस्त्यांवर पांढरी पावडर मारलेली, हवेत फिनेलचा वास. मी सगळ्यांत आधी स्टोअरमध्ये गेले. काउंटरवर यादी नीट घडी करून ठेवली होती, शेजारी अकरा कागद, प्रत्येकावर चौदा कलमं, सही, वेळ. नवव्या कलमासमोर अकरा वेळा एकच आकडा, अडतीस सेंटिमीटर.

मी पट्टी घेतली, स्पिरिटची खोली उघडली आणि पातळी मोजली. मागे वळले तर मास्तर दारात.

‘अडतीस?’ त्यांनी विचारलं.

‘अडतीस.’ माझा चेहरा लाल झाला असावा. ‘मास्तर, हे कलम चुकून गेलं. तुम्ही सोडून द्यायचं होतंत.’

‘यादीत होतं,’ ते म्हणाले. ‘रोज दोनदा मोजत होतो. एकदा रजिस्टरसाठी.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘दुसऱ्यांदा झाकण लावलंय का ते बघायला.’

मी विचारलं, दिवस कसे गेले. ते म्हणाले, ‘शांत. नवागाममध्ये आमच्या चाळीत मी आणि एक लंगडं कुत्रं. लांबच्या फेऱ्याला रिक्षा मिळेना, मग खाडीवरूनच चालत यायचो. पोटलीवाला गेला नव्हता. गिऱ्हाईकच उरलं नाही, तर एकटा बसून राहायचा. मला म्हणायचा, मास्तर, फुकट घे, प्लेगवर औषध आहे. मग म्हणायचा, नको घेऊ, पण बस तरी. एकट्याला बोलायला कोणी नाही.’

‘मग तुम्ही?’

‘बसलो. रोज पाच-सात मिनिटं. काय करणार, तेवढ्या दिवसांत माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता.’

एवढं बोलून ते लॅबमध्ये गेले. मी काही कारण काढून त्यांच्या मागे गेले. त्यांनी पिपेट उचलली, रंग खेचला, बोट सैल केलं. रंगाची कड खुणेवर येऊन थांबली. हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अमळनेरहून आंतरदेशीय पत्र आलं. मुलीचं लग्न ठरलं होतं, मे अखेरीस. पत्र बायकोच्या हातचं होतं, पण मजकूर मेव्हण्यांचा असावा, ते शाळेत मुख्याध्यापक होते. दारू सुटून दोन वर्षं पुरी झाली असतील तर बापाने येऊन कन्यादानाला बसावं. मात्र कोणा जबाबदार व्यक्तीने तसं लिहून द्यावं. तसं नसेल तर कन्यादान मामा करतील, आणि आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

मास्तरांनी ते पत्र काउंटरवर ठेवलं. ‘फोल्डिंगवाल्याच्या वेळी सभेतले तिघं त्याच्या घरी जाऊन बसले होते,’ ते म्हणाले. ‘त्याच्या बायकोला म्हणाले, आम्ही याला ओळखतो, हा आमचा माणूस आहे. माझ्या पद्धतीत तेवढं एक राहून गेलं, ताई. साक्षीदार तुम्ही एकट्याच.’

मी म्हटलं, ‘देते की लिहून. त्यात काय आहे?’

माझ्याकडे दोन वर्षांचे कागद फायलीत लावलेले होते. एका रविवारी बसून मी ते क्रमाने पाहिले आणि रेघांच्या कागदावर पत्र लिहिलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सदर गृहस्थ रोज संध्याकाळी माझ्यासमोर कामास हजर होते, रविवारी माझ्या घरी हजर होते, त्यांनी मद्यप्राशन केल्याचं मला एकदाही आढळलं नाही, ते अत्यंत नेकीचे व शब्दाचे पक्के आहेत. आणि शेवटी लिहिलं, ‘अपवाद. प्लेगच्या काळातील अकरा दिवस मी सुरतेबाहेर असल्याने त्या दिवसांची मी स्वतः खात्री देऊ शकत नाही.’

पतींनी ते वाचलं. ‘हे शेवटचं कशाला?’

‘मी इथे नव्हते.’

‘तू रोज पंचवीस मिनिटं त्यांना बघतेस आणि उरलेल्या दिवसाची खात्री देतेस. मग अकरा दिवसांचीच का नाही?’

‘ते दिवस माझ्या फायलीत माझ्या सहीने नाहीत.’

‘अगं, हे ऑडिट नाहीये. बापाला मुलीच्या लग्नाला जायचंय.’

‘खोटं लिहिलं तर बाकीच्या पत्राला काय किंमत राहील?’ मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार बिनतोड वाटलं होतं.

मास्तरांनी पत्र काउंटरशी उभं राहून वाचलं. शेवटच्या ओळीशी थोडे थांबले. त्यांनी घडी केली, पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘अक्षर छान आहे तुमचं.’ मग त्या दिवसाची यादी घेऊन ते मागे गेले.

लग्नासाठी त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली होती. चौथ्या दिवशी, सोमवारी, सहा वीसला ते काउंटरवर होते.

‘एवढ्यात आलात?’

‘लग्न झालं.’

त्यांनीच फळीवर तळवे टेकवले आणि सांगितलं, लॉटचा रिपोर्ट द्यावा तसं. मेव्हण्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, या अकरा दिवसांचं काय?

‘मी म्हटलं, नाही घेतली. ते म्हणाले, कोण म्हणतं? मी म्हटलं, मी म्हणतो. ते म्हणाले, तुमच्या बाई तसं म्हणत नाहीत.’

बाहेर कापड रंगवणाऱ्या जेट मशीनचा आवाज चालू होता. मी काउंटरवरची पेनं सरळ करत होते.

‘वाईट वागले नाहीत,’ मास्तर म्हणाले. ‘आलात तर जेवून जा, म्हणाले. कन्यादान मामांनी केलं. मी तिसऱ्या पंगतीला बसलो. नवरा-नवरी जिलेबी वाढायला आले. माझ्या पानावर तिने दोन वाढल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण पुढे गेली नाही. म्हणाली, आबा, आखो ल्या ना.’

आणखी घ्या ना, असं. घरचं बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

‘घेतली?’

‘घेतली. चार झाल्या. मला जिलेबी आवडत नाही.’

मी म्हटलं, ‘मास्तर, मी दुसरं पत्र लिहिते. आत्ता लिहिते. त्यात ती ओळ नको.’

‘आता कोणाला दाखवू?’

‘माझं चुकलं.’

‘काय चुकलं? तुम्ही नव्हताच इथे. मी तरी न पाहिलेल्या रंगावर सही करतो का?’ ते हे मला समजवायला बोलत होते, आणि तेच मला जास्त लागलं. ‘काम सांगा. सहा पंचवीस झाले.’

मी लिहून दिलं. बेअरिंगं मोजणे, नंबराप्रमाणे लावणे. त्यांनी पावणेसातपर्यंत लावली, सही केली, वेळ घातली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ते येत राहिले. रविवारी घरीही येत. माझे पती पूर्वीसारखे विनोद करत आणि मास्तर पूर्वीसारखे हसत. फक्त मी एखाद्या कागदावर तपासल्याची सही करू लागले की ते दुसरीकडे पाहत. मग शेठनी रंग जुळवायचा कॉम्प्युटर आणला. त्याला एकदा चिंधी दाखवली की तो सगळ्या उजेडांतली उत्तरं छापून देई. मास्तर त्याच्याजवळ पंधरा दिवस बसले, त्याच्या दोन चुका काढल्या आणि राजीनामा दिला. कुठे जाणार विचारलं तर म्हणाले, ‘बघू. सहा वीसला कोणी काम देईल अशी जागा पाहिजे.’ पत्ता दिला नाही. मीही मागितला नाही. मागितला असता तर यादीत लिहून ठेवला असता, यापलीकडे मी त्याचं काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

ते गेल्यावर फाइल माझ्याकडेच राहिली. मिल सोडताना मी ती घरी आणली. सगळे कागद तारखेप्रमाणे आहेत, मधले अकरा त्यांच्या एकट्याच्या सहीचे. मिल उघडली त्या सकाळी स्पिरिटची पातळी अडतीस होती. पिपेट पहिल्या खेपेत खुणेवर थांबली होती आणि मी ती पाहत उभी होते. त्या अकरा दिवसांत मास्तर प्यायले नव्हते. हे मला पत्र लिहितानाही माहीत होतं.